आमची पहिली गाडी : मॅटाडोर



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खते यांविषयी लिहितो. या वेळी थोडे वेगळे. गळिताच्या दिवसांत कारखान्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पाहिली, की आम्हांस आमची पहिली गाडी आठवते.

२००३ साल. कृषी पदविका हाती होती, नोकरी नव्हती. आम्ही व धाकटे बंधू मिळून एक जुनी मॅटाडोर घेतली. ही गाडी आपल्याच जिल्ह्यात आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीत तयार होत असे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली ही कंपनी निघाली. त्या नावावरूनच आपल्याकडे छोट्या मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणू लागले. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. लोकांच्या तोंडचा टेम्पो मात्र गेला नाही.

आमची गाडी मूळची प्रवासी. मागची बाकडी काढून आम्ही नारायणगावला टोमॅटो, मंचरला तरकारी नेत असू. एक दार सुतळीने बांधलेले. जुन्नरच्या थंडीत हीटर दिल्याशिवाय इंजिन चालू होत नसे. सुट्टीच्या दिवशी गोणपाट अंथरून आम्ही गाडीखाली. आई म्हणायची, "जेवायला येता, की ताट तिथंच आणू?" मिस्त्रीच्या हाताखाली बसून आम्ही नळ्या, फिल्टर, पट्टे सगळे शिकलो.

पुढच्या जानेवारीत गावातल्या एका तात्यांनी सुरू लागणीसाठी आंबेगाव तालुक्यातून बेणे आणायला सांगितले. वीस गुंठ्यांचे बेणे, डोळे दुखावू नयेत म्हणून पाल्यासकट भरलेले. घोड नदीवरचा कळंबचा पूल ओलांडला आणि थोड्याच अंतरावर गाडी आचके देऊन बंद पडली. रात्रीचे नऊ वाजलेले, दोन्ही बाजूंना ऊस, आणि बिबट्याची धास्ती.

चूक आमचीच होती. डिझेल फिल्टर बदलायला महिन्यापूर्वीच झाला होता. चार पैसे वाचवायचे म्हणून पुढे ढकलला. फिल्टर चोंदला, लाईनने हवा धरली. तोडलेले बेणे चोवीस तासांच्या आत लावलेले बरे, हे आम्ही परीक्षेत लिहिले होते. इथे तात्यांचे वर्ष आमच्या गाडीत अडकले होते.

तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "पोरांनो, तुम्ही इंजिन बघा, मी बेणं बघतो." ओढ्याचे पाणी आणून त्यांनी गोणपाट भिजवले आणि मोळ्यांवर टाकले. आम्ही बॅटरीच्या उजेडात फिल्टर रॉकेलने धुतला, वरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारीत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडले. सकाळी दहाला बेणे सरीत पडले. उगवण चांगली झाली. तात्यांनी ठरलेले भाडे पूर्ण दिले. ते घेताना आमचीच मान खाली गेली.

पुढे आम्ही कारखान्यात लागलो, बंधू शेती पाहू लागले. २०११ साली गाडी भंगारात दिली. तो स्क्रू सैल करायचा पाना मात्र अजून आमच्या मोटारसायकलच्या डिकीत आहे.

असो. आज सभासदांच्या दारात नवे ट्रॅक्टर आहेत. हंगामापूर्वी डिझेल फिल्टर, एअर फिल्टर व ऑइल पाहून घ्यावे, आणि बेणे तोडण्याआधी वाहनाची खात्री करावी. एका फिल्टरची काटकसर दुसऱ्याच्या वर्षाला महाग पडते, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

आपल्या पहिल्या गाडीची आठवण असेल, तर प्लॉटवर भेटल्यावर जरूर सांगावी. चहा आमच्याकडून.