कान्हातली तालीम

जानेवारीत आमचा अठरा जणांचा समूहगानाचा गट संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी इंदूरहून जबलपूरला गेला होता. खरं सांगायचं तर कार्यक्रम बेताचाच झाला. दुसऱ्या कडव्यात प्रत्येकाने आपलाच आवाज चढवला, लय पळाली आणि तबल्यावरच्या काकांनी कसंबसं सावरून घेतलं. नंतर जेवताना कोणी कोणाशी धड बोललं नाही. "आता कान्हा कशाला, सरळ घरी जाऊ," इथपर्यंत गोष्ट आली. पण सफारीचं बुकिंग आधीच झालेलं, म्हणून गेलो.

पहाटे खटिया गेटवर तीन जिप्सी उभ्या होत्या. कडाक्याची थंडी, अंगावर लॉजची ब्लँकेटं. गाईड भैयांची पहिलीच सूचना, "अंदर बिल्कुल आवाज़ नहीं." आणि हे कोणाला, तर गाणाऱ्यांना!

सालाच्या जंगलात त्यांनी एका वळणावर इंजिन बंद करायला लावलं. आधी काहीच ऐकू येईना. मग दूरवर चितळाची तीक्ष्ण हाक आली आणि पाठोपाठ झाडावरून वानराचं खाकरणं. वाघ किंवा बिबट्याची चाहूल लागली की ही जनावरं असा इशारा देतात. कोण ओरडलं, कुठून, किती वेळा, यावरून गाईड माग काढतात. वाघ काही दिसला नाही, पण तितका वेळ आमच्यापैकी कोणी खोकलंसुद्धा नाही.

पुढे कुरणात बारशिंगे चरताना दिसले. १९७० मध्ये कान्हात ते फक्त ६६ उरले होते. त्यांच्यासाठी कुरणं राखली, कुंपण घालून पिल्लं जपली, म्हणून आज ते शेकड्यांनी आहेत.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत दारं लावून, माईकशिवाय बसलो. आमच्या काकूंनी देवासची गोष्ट काढली. क्षयाच्या आजारामुळे कुमार गंधर्व १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी तिथे आले. डॉक्टरांनी गायला मनाई केली होती. त्या काही वर्षांत त्यांनी माळव्यातली लोकगीतं मन लावून ऐकली आणि पुढे लोकधुनांमधून नवे राग बांधले.

"आपण निदान शेजारच्याचं तरी ऐकू या," काकू म्हणाल्या. नियम एकच ठरला: शेजारचा आवाज ऐकू आला नाही, तर आपला कमी करायचा. जबलपूरचंच गाणं पुन्हा घेतलं. दुसरं कडवं नीट पार पडलं. तबल्यावरच्या काकांनी हात पुसत विचारलं, "जबलपूरवाले परत बोलावतील का रे?" दोन दिवसांत पहिल्यांदा सगळे हसले.

आता दर रविवारी तालमीआधी पाच मिनिटं आम्ही शांत बसतो. दिवसभर कानात हेडफोन घालून कोड लिहिणारा मी. ती पाच मिनिटं मलाच सगळ्यात जड जातात. पण दुसरं कडवं अजून तरी घसरलेलं नाही.