तेविसाव्या वर्षी थांबलेला मुष्टियोद्धा

मुष्टियुद्ध हा खेळ आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल, आणि ज्यांनी पाहिला असेल त्यांतील कित्येकांना, विशेषतः घरच्या मायबहिणींना, तो रुचला नसेल. दोन माणसांनी एकमेकांच्या तोंडावर गुद्दे मारावेत आणि इतरांनी पैसे मोजून ते पाहावे, ह्याचे आम्हांलाही फारसे कौतुक नाही. तथापि ह्या खेळातील एका तरुणाची हकीकत अशी आहे की, ती ऐकल्यावर ‘तो जगला असता तर?’ हा प्रश्न मनातून जात नाही. तरणा मुलगा गेलेल्या घरात हा प्रश्न वर्षानुवर्षे उंबरठ्याशी बसून असतो. ह्या तरुणाच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर थोडेफार मोजून पाहता येते.

त्याचे नाव साल्वादोर सांचेझ. ग्वादालुपेच्या मातेचे तीर्थक्षेत्र ज्या देशात आहे त्या मेक्सिकोत, सांतियागो तियांगिस्तेंको ह्या गावी, २६ जानेवारी १९५९ रोजी तो जन्मला. सोळाव्या वर्षी तो पैशासाठी लढू लागला. ह्या खेळात लढवय्यांचे वजनाप्रमाणे वर्ग असतात. त्यांपैकी १२६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५७ किलोंच्या, ‘फेदरवेट’ वर्गाचे जगज्जेतेपद त्याने २ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेतील फीनिक्स शहरी डॅनी लोपेझ ह्या नाणावलेल्या वीराकडून हिसकावून घेतले. तेव्हा त्याला एकविसावे वर्ष पूर्ण होऊन आठवडाच लोटला होता.

पुढील अडीच वर्षांत त्याने हे पद नऊ वेळा राखले. त्यांतील सर्वांत गाजलेली लढत २१ ऑगस्ट १९८१ ची. प्रतिस्पर्धी होता प्वेर्तो रिकोचा विल्फ्रेदो गोमेझ, जो तोवर एकदाही हरला नव्हता आणि ज्याने आपल्या ३२ ही विजयांत समोरच्याला शेवटपर्यंत उभे राहू दिले नव्हते. सांचेझने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसविले आणि आठव्या फेरीत लढत संपविली.

सांचेझची खरी शक्ती त्याच्या दमात होती. तो घाई करीत नसे. मागे सरत, डोके हलवीत, समोरच्याचा हात यावा आणि त्याच क्षणी आपला जावा, अशी त्याची रीत. दुसऱ्याचे पाय जड होऊ लागले की ह्याचा खेळ फुलू लागे. लोपेझला त्याने तेराव्या फेरीत नमविले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या भेटीत चौदाव्या फेरीत. आणि आफ्रिकेतील घाना देशाच्या अझुमा नेल्सनला पंधराव्या, म्हणजे अखेरच्या फेरीत. नेल्सन हा ऐनवेळी बदली म्हणून उभा केलेला, अमेरिकेत फारसे कुणी न ओळखणारा गडी होता. न्यूयॉर्क येथे २१ जुलै १९८२ रोजी झालेली ती लढत सांचेझची शेवटची ठरली.

त्यानंतर बावीस दिवसांनी, १२ ऑगस्ट १९८२ रोजी पहाटेच्या अंधारात, मेक्सिकोतील महामार्गावर त्याची मोटार एका ट्रकवर आदळली आणि तो जागीच गेला. तो अवघा २३ वर्षांचा होता. एकूण ४६ लढती, त्यांत ४४ विजय, एक पराभव, एक बरोबरी. हुआन लापोर्त ह्याच्याशी पुन्हा व्हावयाच्या लढतीची तो तयारी करीत होता.

तो जगता तर काय झाले असते? वाटेल ते बोलावे, कोण खोटे पाडणार, असे ओट्यावरच्या गप्पांत चालते. पण येथे काही पुरावा आहे. सांचेझचे रिकामे पद सप्टेंबर १९८२ मध्ये लापोर्तने मिळविले. मार्च १९८४ मध्ये लापोर्तकडून ते गोमेझकडे गेले. डिसेंबर १९८४ मध्ये गोमेझकडून नेल्सनकडे. हे तिघेही सांचेझकडून हरलेले! धनी गेल्यावर त्याचा पट्टा त्यानेच हरविलेल्या माणसांच्या कमरेभोवती फिरत राहिला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सांचेझ अजिंक्य नव्हता. डिसेंबर १९८१ मध्ये इंग्लंडच्या पॅट कौडेलने त्याला पंधरा फेऱ्या झुंजविले आणि पंचांचे एकमतही होऊ दिले नाही. शिवाय त्याच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, कोरियाचा किम दुक-कू हा तरुण लास व्हेगास येथे चौदाव्या फेरीत कोसळून पुढे मरण पावला. त्यामुळे ज्या संस्थेचा पट्टा सांचेझकडे होता तिने १९८३ पासून जगज्जेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या. नियम योग्यच होता. पण तेरावी, चौदावी, पंधरावी हे तर सांचेझचे शेत! त्या तीन फेऱ्या काढून घेतल्यावर त्याला आपली रीत बदलावी लागली असती. ती त्याने बदलली असती असे आम्हांला वाटते, कारण तो शिकणारा होता. परंतु हे केवळ वाटणे आहे.

त्याच वर्गात दुसऱ्या संस्थेचा पट्टा पनामाच्या एउसेबियो पेद्रोसाकडे १९७८ पासून १९८५ पर्यंत होता. दोघे एकाच काळी जगज्जेते, पण आमनेसामने कधी आलेच नाहीत. सर्वांत मोठी चुकामूक झाली ती हीच, असे आमचे मत. आणि असेही असू शकेल की तो थोड्याच वर्षांत हातमोजे उतरवून घरी बसला असता. आपण न हरता निवृत्त व्हावे, अशी इच्छा त्याने बोलून दाखविली होती.

राहिला तो बदली गडी, नेल्सन. तो सांचेझहून सहाच महिन्यांनी मोठा. न्यूयॉर्कच्या त्या पराभवानंतर तो वाढत गेला, वरच्या वजनाच्या वर्गातही जगज्जेता झाला, एकदा पद गमावून १९९५ मध्ये त्याने ते परत मिळविले. शेवटी मार्च १९९७ मध्ये ते त्याच्याकडून गेले, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्या महिन्यात सांचेझचेही वय ३८ च झाले असते.