पेल्यात चढलेले पाणी आणि न संपलेला प्राणवायू

बशीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला की थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. यावर ‘मेणबत्तीने सगळा प्राणवायू संपवला, हवेत तो एक-पंचमांश असतो, म्हणून पाणी एक-पंचमांश चढले’ हे उत्तर शाळकरी वह्यांतून पिढ्यानपिढ्या लिहिले जात आहे. प्रयोग खरा आहे, स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे. गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांत अनेक मुले सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकतात व पाचवीपासून इंग्रजीकडे वळतात. तेथे हे वाक्य एका भाषेतून दुसऱ्या भाषेत तसेच्या तसे उतरते आणि मध्ये कोणीही ते तपासून पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तपासणी अवघड नाही, कारण पेला स्वतःच उत्तर दाखवतो. प्राणवायू संपल्यामुळे पाणी चढत असते, तर ज्योत जळत असताना ते हळूहळू वर यायला हवे होते. प्रत्यक्षात पेला टेकवताना त्याच्या काठाखालून हवेचे बुडबुडे बाहेर पडतात, ज्योत जळते तोवर पाणी फारसे हलत नाही आणि ती विझल्यानंतर एकदम उसळून वर येते. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून, म्हणजे फुगून, आधीच काही प्रमाणात बाहेर गेलेली असते. ज्योत विझताच उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, काचेवर बाष्पाचे दव धरते, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी आणखी वर चढते, वास्तविक पेल्यातला प्राणवायू तेवढाच असतो. एवढ्यानेही खात्री पटत नसेल, तर हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्याने पेला विसळून तो थंड पाण्याच्या बशीत उपडा ठेवावा; काहीही न जाळता पाणी वर येते.

हिशेबही हेच सांगतो. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो आणि तो 16 टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते, म्हणजे बहुतेक प्राणवायू पेल्यात शिल्लकच राहतो. जेवढा वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो: मेणाच्या ज्वलनात साधारणपणे 38 भाग प्राणवायू खर्ची पडून 25 भाग कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि तो पाण्यात हळूहळूच विरघळतो. ज्वलनाने झालेली खरी घट त्यामुळे शंभर भागांत जेमतेम दोन भागांची, वीसची नव्हे. ज्या पेल्यात पाणी एक-पंचमांश चढलेले दिसते, तेथे तो केवळ योगायोग असतो, आणि योगायोगाला पुरावा म्हणून गुण देणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

हवेतला प्राणवायू मोजताना रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने मेणबत्ती न घेता पारा घेतला आणि तो बारा दिवस तापवला, हे 1789 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात नोंदलेले आहे. पारा प्राणवायूला घन पदार्थात बांधून टाकतो आणि बदल्यात कोणताही वायू सोडत नाही, म्हणून हवेची घट खरी मिळते. शाळेत पाऱ्याला हात लावू नये, तेच काम लोखंड करते. परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोखंडाचा कीस चिकटवावा, ती पाण्यात उपडी उभी करावी आणि काही दिवस थांबावे. कीस तांबडा होत जातो, पाणी हळूहळू चढते आणि सुमारे एक-पंचमांशावर थांबते. पाण्यात चिमूटभर मीठ टाकल्यास गंज लवकर धरतो, जसा मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावरील खिडक्यांच्या गजांवर धरतो. डिचोलीच्या शिक्षकाला तर उदाहरण शोधायला जाण्याचीही गरज नाही: तेथील खाणींतून निघणारे हेमॅटाइट म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचे संयुग असून शुद्ध हेमॅटाइटच्या 100 ग्रॅम वजनात 30 ग्रॅम प्राणवायूच असतो.

याच गोष्टीतून दुसरा गैरसमजही सुटतो: गंजल्याने लोखंडाचे वजन घटते असे अनेक मुले लिहितात, परंतु गंज झडून पडला नाही तर ते वाढते, कारण हवेतला प्राणवायू व पाणी त्यात सामील झालेले असते. न तपासता लिहिली जाणारी अशी आणखीही उत्तरे आहेत. वनस्पती केवळ रात्री श्वसन करतात, हेही खरे नाही; त्या अहोरात्र श्वसन करतात. सूर्य रोज दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो, हे गोव्यात कधीच घडत नाही; मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात, असा वर्षातून दोनदाच तो बरोबर माथ्यावर येतो आणि तेव्हाही घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. पावसाळ्यात डिचोलीच्या ओहोळांना येणारे तांबडे पाणी हे लोखंडाचे द्रावण आहे, हे उत्तरही दुरुस्त करावे लागेल: ते मातीच्या बारीक कणांचे निलंबन आहे, म्हणजे कण त्यात विरघळलेले नसून तरंगत असतात, आणि तुरटी फिरवून पेला रात्रभर तसाच ठेवला की सकाळी तळाशी तांबडा गाळ आणि वर जवळजवळ नितळ पाणी दिसते.