पोटखराब्यातली चित्रे

भीमबेटका पाहून परतलेली विदर्भातली मुले हमखास एक प्रश्न विचारतात. आदिमानव तिकडे होता तसा आपल्याकडेही असणार, मग आपल्याकडे अशी चित्रे का नाहीत? यवतमाळ जिल्ह्यापुरता तर हा प्रश्न अगदी रास्त आहे. नद्या आहेत, जंगल आहे, डोंगर आहेत. पण चित्रांनी भरलेली भीमबेटकासारखी गुहा नाही. आपल्या भागातल्या जुन्या माणसाला कलेची हौसच नव्हती काय?

उत्तर शोधायला आधी पायाखालच्या दगडाकडे पाहावे लागते.

भोपाळजवळच्या भीमबेटकाची चित्रे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली जगापुढे आणली. २००३ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथला खडक वालुकाश्माचा. वाऱ्यापावसाने त्याचे पोट कोरले जाते आणि वरचा भाग छपरासारखा पुढे येतो. आत कोरडी, फिकट रंगाची भिंत तयार होते. जवळच गेरू मिळतो. म्हणजे घर, फळा आणि खडू हे तिन्ही निसर्गानेच दिले. त्यावर काय काढायचे, ते मात्र माणसाच्या जगण्याने ठरवले. जुन्या थरातल्या चित्रांत गवे, हरणे आणि शिकारी दिसतात. कितीतरी नंतरच्या चित्रांत घोड्यावर बसलेले, हाती तलवार घेतलेले स्वार येतात. भिंत तीच राहिली. भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे जग तेवढे बदलले.

आमच्या यवतमाळचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो घडला. वणी-मुकुटबनकडे चुनखडी आणि कोळसा लागतो, पण एरवी काळा दगड, मुरूम आणि त्यावरची काळी माती. झरी जामणी तालुक्यात शिबल्याजवळ २०२२ मध्ये षटकोनी दगडी खांबांची रांग उजेडात आली. पाहणाऱ्याला एखाद्या देवळाचे खांब वाटावेत, पण ती करणी थंड होताना तडकलेल्या लाव्ह्याची. असा हा दगड शिल्पाला चांगला, पण चित्राला कठीण. उन्हापावसात त्याचे पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्याबरोबर रंगही जातो. काळ्या पाठीवर गेरू उठूनही दिसत नाही.

म्हणून काळ्या पाषाणाच्या मुलखातल्या माणसाने काय केले? त्याने दुसरा कागद शोधला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे हे गाव आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक कोरलेला तुकडा मिळाला. दोन रेषांच्या मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषांची जाळी. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्रात शहामृग! हवा तेव्हा आजच्यापेक्षा कोरडी होती आणि माळरानावर गवत पसरलेले होते. हवामानाने शहामृग दिला, शहामृगाने कवच दिले, आणि माणसाने त्यावर नक्षी काढली. पोटाची भूक भागल्यावर उरलेले टरफल फेकून न देता कोणीतरी ते हातात धरून बसले होते, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते.

कोकणात गेले की कागद पुन्हा बदलतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर जांभा दगडाचे आडवे, सपाट कातळ मैलोन्‌मैल पसरलेले. तिथे भिंत नाही, जमीनच फळा झाली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून ही कातळशिल्पे शोधली. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. कोकणात आज न दिसणारा गेंडाही या कातळांवर आहे. समुद्र जवळ, म्हणून मासे आणि कासवेही आहेत. २०२२ मध्ये ही शिल्पे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आता पुन्हा विदर्भात येऊ. अमरावती जिल्ह्याच्या सीमेला लागून, बैतुल जिल्ह्यातल्या धारूळजवळ सातपुड्यात वालुकाश्म आहे. वालुकाश्म आला की चित्रे येतातच! अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांना २००७ मध्ये तिथले चित्रित शैलाश्रय सापडले. तिथून दक्षिणेला उतरले की काळा दगड सुरू होतो आणि कलाही रूप बदलते. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत, म्हणजे मृतांच्या स्मृतीसाठी मांडलेली मोठ्या धोंड्यांची रिंगणे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यांची पाहणी केली होती. त्यातल्या काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीने ठोकलेले आहेत. काळ्या पाषाणावर रंग टिकत नाही, पण ठोका टिकतो. नागपूरजवळच्याच माहुरझरीत डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार आणि सुंदर मणी मिळाले. हे मणी अकीक आणि गारगोटीच्या जातीच्या दगडांचे. याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत असे दगड तयार होतात. ज्या दगडाने भिंत दिली नाही, त्यानेच दागिना दिला.

आणि खुद्द यवतमाळात? बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने डॉ. प्रबाश साहू यांच्या नेतृत्वाखाली २०२३-२४ मध्ये एका जुन्या टेकाडाचे उत्खनन केले. लोहयुगापासून सातवाहन आणि पुढे मध्ययुगापर्यंतचे थर तिथे लागले. चुन्याच्या जमिनीची, लाकडी खांबांची गोल घरे, चुली, खापरे, लोखंडी वस्तू, मणी. जमीन उरली, चूल उरली. मातीकुडाची भिंत मात्र मातीला मिळाली, आणि तिच्यावर काही रेखाटले असेल तर तेही तिच्याबरोबर गेले.

आपल्या ग्रामीण भाषेत शेताला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पांढरीची माती खताला चांगली, म्हणून जुन्या टेकाडांची माती गाड्या भरभरून शेतात गेली आहे. त्या मातीतून किती मणी, किती खापरे कापसाच्या मुळाशी जाऊन बसली असतील! काळीने आपल्याला पोसले. पांढरीने जपलेले आपण काळीला खाऊ घातले.

काळ्या पाषाणाच्या मुलखाची ही रीत आजही दिसते. केळापूर, मारेगाव, झरी भागातल्या कोलामांच्या पोडांवर बांबूच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरे मी नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिली. ओल्या सारवणावर बोटांनी ओढलेल्या रेषा पुढच्या सारवणात पुसल्या जात आणि पुन्हा उमटत. दिवाळीच्या सुमारास तेलंगणाच्या सीमेकडच्या गावांत दंडारीला मोरपिसांचे टोप निघतात. या मंडळींना अश्मयुगाचे अवशेष मानणे साफ चूक आहे. ती तुमच्याआमच्याइतकीच आजची माणसे. सांगायचे एवढेच, की ज्या मुलखात भिंत टिकत नाही तिथली कला टिकण्यापेक्षा पुन्हा पुन्हा करण्यावर जगते. हजार वर्षांनी कोणी खणले, तर त्यांना यातले काय सापडेल?

बँकेतल्या नोकरीमुळे मला सातबारा वाचायची सवय आहे. त्यात ‘पोटखराबा’ असतो. जिथे नांगर चालत नाही ती खडकाळ जागा. तारण म्हणून तिची किंमत जवळजवळ शून्य. पण शिळावर्तुळे, कातळशिल्पे, चित्रित गुहा बहुधा अशाच जागी उरल्या, कारण तिथे कोणाला पेरायचे नव्हते. आज मात्र पोटखराब्यालाच भाव आला आहे. गिट्टीला खडक हवा, रस्त्याला मुरूम हवा, आणि जेसीबी अर्ध्या दिवसात टेकाड सपाट करतो. हजारो वर्षे निरुपयोगीपणाने जे राखले, ते एका कंत्राटात जाऊ शकते.

उपाय फार खर्चाचा नाही. अशा प्रत्येक जागेची नोंद गावच्या दप्तरी झाली आणि खदानीचा परवाना देण्याआधी ती पाहणे बंधनकारक झाले, तरी बरेच वाचेल. तुम्हीआम्हीही थोडे करू शकतो. चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर पाणी मारू नये, खडूने रेषा गिरवू नयेत, वर्तुळातला धोंडा बांधासाठी उचलू नये. काही वेगळे दिसले तर फोटो काढून विद्यापीठाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे.

आणि मुलांनी विचारले, आपल्याकडे चित्रे का नाहीत, तर त्यांना नांगरटीनंतरच्या शेतात न्यावे. तिथली एखादी गारगोटी उन्हाला धरून दाखवावी आणि सांगावे, याच्यातून आरपार भोक पाडणारा माणूस इथे राहत होता. भिंत नव्हती, म्हणून त्याने मणी केला.