अक्षराएवढी वाट

1983 सालच्या जूनमध्ये मी एका मुलींच्या हायस्कूलच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून रुजू झाले. दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्कांनी माझ्यासमोर एक लांबट निळसर कागद ठेवला आणि म्हणाले, "ही स्टेन्सिल कापून द्या." टाईप करून द्या, असं म्हणाले नाहीत. मला वाटलं, कात्री शोधायची आहे. अर्ध्या तासानं कळलं की कात्री म्हणजे समोरचा टाईपरायटरच.

टाईपरायटरवर फीत सरकवायचा एक खटका असतो. तो पांढऱ्या खुणेवर आणला की फीत वर उचलली जात नाही आणि खिळा थेट कागदावर आपटतो. स्टेन्सिलसाठी हेच हवं असतं. स्टेन्सिलचा कागद लांब धाग्यांचा आणि अतिशय झिरझिरीत. मूळचा जपानी, झाडाच्या सालीच्या तंतूंपासून केलेला. त्यावर शाई आरपार जाऊ नये म्हणून लेप दिलेला असतो. सुरुवातीला मेणाचा असे, पुढं दुसरे टिकाऊ लेप आले. खिळा आपटला की तेवढ्या जागेवरचा लेप बाजूला सरतो आणि खालच्या तंतूंची जाळी उघडी पडते. कापलेली स्टेन्सिल मी खिडकीशी धरायची, तेव्हा प्रत्येक अक्षरातून उजेड यायचा. जिथून उजेड येतो तिथूनच पुढं शाई येणार असते.

भोकांतून शाई उतरवून प्रती काढण्याचं हे तंत्र संगणकांच्या कितीतरी आधीचं. थॉमस एडिसननं 1876 साली विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. पेनाच्या डोक्यावर छोटी मोटर आणि टोकाला वरखाली होणारी सुई. लिहिता लिहिता कागदाला बारीक भोकं पडत आणि त्यांतून शाईचा रूळ फिरवून प्रती काढत. डेव्हिड गेस्टेटनर हे मूळचे हंगेरीचे, लंडनमध्ये स्थायिक झालेले. त्यांनी 1881 साली विजेशिवाय तेच काम साधलं. त्यांच्या लेखणीच्या टोकाला इवलंसं दातेरी चाक होतं. ते मेणकागदावरून फिरलं की अक्षराच्या वळणानं भोकांची रांग उमटे. चाकाची ही लेखणी म्हणजेच 'सायक्लोस्टाईल'. लेखणी कालबाह्य झाली, पण तिचं नाव पुढं आलेल्या यंत्रांना चिकटलं. शिकागोमध्ये लाकडाचा व्यापार करणाऱ्या ए. बी. डिक यांनी एडिसनच्या हक्कांवर 1887 साली आपलं यंत्र बाजारात आणलं, ते मिमिओग्राफ. आपल्याकडं सरकारी मराठीनं 'चक्रमुद्रित प्रत' असा शब्द घडवला. त्यातलं 'चक्र' त्या दातेरी चाकाचं, हे मला फार उशिरा समजलं.

मराठी स्टेन्सिल कापणं हे इंग्रजीपेक्षा अवघड काम. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, दोन अक्षरांमध्ये लेप शाबूत राहतो आणि कागदाला बळ देतो. आपल्या शिरोरेषा एकमेकींना भिडतात. जोरात बोटं मारली की शब्दभर एक सलग चीर पडते. ख, ध, भ, श ही अक्षरं तर दोन ठोक्यांची: आधी अर्धं अक्षर, मग काना. दोन्ही ठोके सारखे बसले नाहीत तर काना काळा आणि अक्षर पुसट. आणि व, ब, ठ यांची पोटं! ठोका जड झाला की पोटातला लेपाचा ठिपका सुटून येतो, मग छापताना 'व' ऐवजी काळा गोळा उमटतो. म्हणून प्रत्येक अक्षराला वेगळं वजन द्यावं लागे. टिंब आणि स्वल्पविराम अगदी अलगद, गुंतागुंतीच्या जोडाक्षरांना थोडा जोर. स्टेन्सिलच्या कणांनी खिळे बुजत, म्हणून दर स्टेन्सिलनंतर ब्रशनं ते साफ करायचे.

चूक झाली तर खोडरबराचा उपयोग नव्हता. लाल रंगाचं करेक्शन फ्लुइड मिळे, नेलपॉलिशसारख्या वासाचं. चुकलेलं अक्षर मागच्या कागदापासून किंचित उचलायचं, ब्रशच्या टोकानं एक पातळ थेंब द्यायचा आणि वाळू द्यायचा. भोक बुजलं की त्याच जागी नवं अक्षर, थोड्या हलक्या हातानं. भूमितीच्या आकृत्या आणि मुख्याध्यापिकाबाईंची सही टोकदार लोखंडी लेखणीनं थेट स्टेन्सिलवर घ्यायची. बाई एकदाच सही करत आणि ती सातशे घरी पोचत असे.

पुढचं राज्य मशीनवाल्या काकांचं. हुद्द्यानं ते शिपाई. सरकारी कार्यालयांत याच कामासाठी 'रोनिओ ऑपरेटर' असं पद असे. आमच्या शाळेत ते नव्हतं. त्यांचं यंत्र हातानं फिरवायचं, दोन रुळांचं. एकावर एक दोन पोकळ रूळ आणि दोघांना मिळून पट्ट्यासारखं गुंडाळलेलं रेशमी जाळीचं कापड. घट्ट काळी शाई टूथपेस्टसारख्या मोठ्या नळीतून आत जाई. मधले छोटे रूळ फिरता फिरता डावी-उजवीकडेही सरकत, त्यामुळं शाई एका जागी न साचता रुंदीभर पसरे. काका स्टेन्सिलच्या माथ्यावरची छिद्रं खुंट्यांत अडकवत, टाईप केलेली बाजू जाळीकडं ठेवून ती पालथी पसरत आणि मागचा जाड कागद टराटरा फाडून काढत. बाहेरून बघावं तर सगळी अक्षरं उलटी. "ताई, आपल्याला उलटं दिसलं म्हणजे कागदाला सुलटं दिसणार," ते म्हणत.

हँडलचा एक फेरा म्हणजे एक प्रत. रबरी चाकं गठ्ठ्यावरचा एकच कागद पुढं ढकलत. तो स्टेन्सिल आणि खालचा दाबाचा रूळ यांच्यामधून जाई. त्या क्षणी आतली शाई जाळीतून आणि अक्षरांच्या भोकांतून झिरपून कागदावर येई आणि कागद पलीकडच्या तबकात पडे. खटॅक-सर्र, खटॅक-सर्र. बाजूला आकडा मोजणारं यंत्र. पहिल्या दहाबारा प्रती पुसट निघत, मग अक्षर भरे.

ही शाई तेलकट असल्यामुळं हवेनं चटकन वाळत नसे, कागद ती शोषून घेई. म्हणून गुळगुळीत कागद चालायचा नाही, खरखरीत फुलस्केपच लागे. पावसाळ्यात रीम सर्द होऊन कागद एकमेकांना चिकटत. काका गठ्ठा पंख्यासारखा उलगडून, त्यात हवा खेळवून, मगच तो लावत. पाठपोट छापायचं असलं तर दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी. मी एकदा हँडल हातात घेतलं आणि हौसेनं गरागरा फिरवलं. दोन-दोन कागद एकदम आत गेले. "वेग लागत नाही, ताई. लय लागते. पहिला फेरा जसा, तसाच पाचशेवा."

माझी मोठी चूक सहलीच्या परिपत्रकात झाली. शीर्षक उठून दिसावं म्हणून मी त्याच्याखाली रेघ ओढली, तीही भरपूर जोर लावून. अडीचशे प्रती निघेपर्यंत काही झालं नाही. मग रेघ उसवली आणि पानापानावर बोटभर जाडीचा काळा पट्टा उमटू लागला. मी रडकुंडीला आले. काकांनी यंत्र थांबवलं. जुन्या स्टेन्सिलचा कोरा तुकडा कापला आणि चिमटीत धरून फाटलेल्या जागी अलगद बसवला. शाईच्या चिकटपणानंच तो धरून राहिला. रेघ गेली, शीर्षक वाचलं आणि उरलेल्या प्रती निघाल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापताना मात्र दार बंद. छपाई झाली की स्टेन्सिल आणि खराब प्रती परीक्षाप्रमुखांसमोर जाळायच्या. बाकीच्या स्टेन्सिली काका दोन वर्तमानपत्रांमध्ये दाबून शाई टिपून घेत आणि जपून ठेवत. पुढच्या वर्षी तारखेची जागा बुजवून तीच पुन्हा चढे. मग रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत. नखांच्या कडा तरी काळ्याच राहत.

या यंत्राबद्दल मला मनापासून आदर वाटतो, तो केवळ आठवणींमुळं नाही. छापखान्यात जायचं म्हणजे खिळे जुळवणारा माणूस हवा, पैसे हवेत, आणि मालकानं मजकूर छापायला हो म्हणायला हवं. इथं एक टेबल, एक रीम आणि एक नळी शाई पुरत होती. 1954 साली मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे नियतकालिक काढलं, ते सायक्लोस्टाईल करूनच. कुणी आपल्याला छापील याची वाट न बघता नव्या मराठी कवितेला वाचकापर्यंत जाता आलं. संघटनांची पत्रकं, शिक्षकांच्या नोट्स, मंडळांचे अहवाल असेच घरोघर गेले.

पुढं शाळेत झेरॉक्स आलं आणि यंत्र जिन्याखाली गेलं. काकाही निवृत्त झाले. प्रश्नपत्रिका सोडल्या तर पुसट आणि बिघडलेल्या प्रती ते कधी टाकत नसत. पाठकोरे कागद कच्च्या कामाला वाटत, तसे मलाही देत. त्यातला एक माझ्याकडं अजून आहे. मागच्या बाजूला माझ्या पहिल्या पगाराचा हिशेब आहे. पेनची निळी शाई विटून जवळजवळ गेली आहे, आकडे लागत नाहीत. पुढच्या बाजूची शाई काजळीची, ती विटत नाही. सहलीची तारीख, वर्गणी, बाईंची सही सगळं चाळीस वर्षांनंतरही लख्ख वाचता येतं. आणि शीर्षकाखाली माझ्या बोटांच्या जोरानं फाटलेला तो पट्टा, पहिल्या दिवसाइतकाच काळा.