श्रद्धेतून सापडलेलं काम

मावळातली बेडशाची लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची. चैत्यगृहाच्या ओसरीतले खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे घोडे, हत्ती, बैल पाहायला लोक पायऱ्या चढून वर येतात. तिथल्या शिलालेखांपाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं दान नोंदलेलं आहे. पाण्याच्या टाक्यापाशी महाभोजाची मुलगी, महारठिणी सामडिनिका हिचं नाव आहे. टाकं तिनं दिलेलं. एका लहान स्तूपाजवळच्या लेखात गोभूती नावाचा भिक्षू भेटतो. तो अरण्यात राहायचा आणि भिक्षेवर जगायचा. आपल्या जगण्याचं काय करायचं, या प्रश्नाला एकाच डोंगरावर व्यापारी, राजघराण्यातली बाई आणि भिक्षू अशा तिघांनी आपापलं उत्तर देऊन ठेवलं आहे.

याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, दौंड तालुक्यातल्या केडगावात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका बाईनं त्याच प्रश्नाचं उत्तर ख्रिस्ती श्रद्धेतून दिलं. त्या पंडिता रमाबाई. त्यांचं कार्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते कार्य ज्या श्रद्धेतून उभं राहिलं तिच्याविषयी मात्र आपण संकोचानं, जरा बाजूला होऊन बोलतो. मला हा संकोच बरोबर वाटत नाही, कारण श्रद्धा वगळली तर रमाबाईंचं काम समजतच नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. आईनं ते संस्कृत रमाबाईंना दिलं. कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील दोघंही उपासमारीनं गेले. पुढे भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी देश हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. श्रीनिवासांच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू गेले. चोविसाव्या वर्षापर्यंत या बाईनं इतकी मरणं पाहिली होती.

सिल्चरला संसार होता तेव्हा घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. तेवढ्यानं धर्मांतर झालं नाही. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची, स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवूनच १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. तिथं ऐकू येण्याचा त्रास वाढला आणि वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडून द्यावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत तिथंच वारल्या. परक्या देशात, लहानग्या मुलीसह, ठरवलेला रस्ता बंद झालेला, अशी त्यांची अवस्था होती.

वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनी रमाबाईंना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथं आश्रम चालत असे. त्या बायकांना भगिनी मायेनं वागवत होत्या, त्यांना शिकवून पायावर उभं करत होत्या. ज्यांच्या वाट्याला रमाबाईंनी तोवर फक्त शिक्षाच पाहिली होती, त्यांना कुणी जवळ घेतं हे त्यांना नवीन होतं. असं का करता, हे त्यांनी विचारलं. एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेली, गावानं नावं ठेवलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी बरोबरीनं बोलणारा येशू. रमाबाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत हा प्रसंग कळीचा म्हणून नोंदला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

म्हणजे त्यांना आधी टाकलेली माणसं दिसली, मग त्यांना जवळ घेणारं काम दिसलं आणि त्या कामामागचा देव सगळ्यात शेवटी दिसला. उपदेश ऐकून मन पालटलं, असं इथं झालेलं नाही.

बाप्तिस्म्यानंतर त्या आज्ञाधारक झाल्या असंही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. चर्चचे सिद्धान्त केवळ सांगितले म्हणून मानायला त्यांनी नकार दिला. शाकाहार सोडला नाही, देशी वेशही सोडला नाही. आपला विवेक कुणाही पुरोहिताकडे गहाण टाकणार नाही ही त्यांची भूमिका हिंदू असताना होती तीच पुढेही राहिली.

१८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षं मदतीचं वचन मिळालं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, याच सदनाच्या विद्यार्थिनी.

रमाबाईंच्याच सांगण्याप्रमाणे, या काळात ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना त्यांना ही उणीव जाणवली. विद्वत्तेनं पटलेला धर्म तेव्हा मनाचा आधार झाला. इतकी कर्तबगार बाई हे मोकळेपणानं लिहिते, याचं मला फार मोल वाटतं.

मग १८९३ चं वादळ आलं. सदनात धर्मशिक्षण देणार नाही असा शब्द होता. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार लावून न करता उघडपणे करत आणि काही मुली तिथं येऊन बसत. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती खोटी म्हणता येणार नाही. विश्वासानं पोर सोपवली होती. पण आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना लपूनछपून करावी, ही अपेक्षाही न्यायाची नव्हती. दोन्ही बाजूंचं दुःख खरं होतं आणि सदन तरीही चालू राहिलं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमारीनं आईवडील गेलेले पाहिलेल्या बाईला ती बातमी वाचून घरी बसवेना. तीनशे मुली आणायच्या, असा निश्चय करून त्या निघाल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि बालविधवा घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन कामी आली. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं, विहिरी खोदल्या गेल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, दूधदुभतं, शिवण, छापखाना अशी सगळी कामं बायकाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. फुलहॅमला जे पाहिलं, ते असं केडगावच्या माळावर आलं.

ख्रिस्ती होऊन मराठीशी नातं तुटतं, या समजुतीला कवी नारायण वामन टिळकांनीही उत्तर दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि नंतर स्वतःच्या वाटेनं त्याच श्रद्धेपाशी आल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आपल्याला त्यातूनच मिळालं. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हे भक्तमंडळ स्थापलं.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम भाषेचंच होतं. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता येईल असं बायबल त्यांना मराठीत हवं होतं. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांमधून भाषांतर केलं आणि मुक्तीच्याच मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेल्या, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आयुष्याचं प्रयोजन शोधणाऱ्यांना आज पुष्कळ सल्ले मिळतात. बहुतेक सगळे स्वतःच्या आत पाहायला सांगतात. रमाबाईंना ते बाहेर, दुसऱ्याच्या भुकेत सापडलं, आणि आयुष्यभर पुरावं असं बळ श्रद्धेनं दिलं. सुधारकांच्या यादीत त्यांचं नाव घेणाऱ्यांनी त्यांची प्रार्थना वगळू नये, आणि चर्चमध्ये त्यांचं नाव घेणाऱ्यांनी त्यांचे प्रश्न वगळू नयेत. त्यांचं अमेरिकेचं प्रवासवृत्त आणि त्यांची साक्ष, दोन्ही मिळवून वाचावं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.