दवाखाना दूर, पण उपचार चुकू नये

“चार दिवस थांबू, मग बघू.” स्वतःच्या दुखण्याच्या बाबतीत आपण बायका हे वाक्य किती सहज बोलतो! पाहुणे जाऊ देत, मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग डॉक्टरांकडे जाऊ. पण कॅन्सर काही आपल्या सोयीने थांबत नाही.

करोनाच्या साथीत मात्र इच्छा असूनही थांबावं लागलं. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन आला. रेल्वे बंद, एस. टी. बंद. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचे त्या मार्च ते मे महिन्यांचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये याच तीन महिन्यांत १,१२,२७० नवे रोगी नोंदले गेले होते. २०२० मध्ये फक्त ५१,७६०. मोठी ऑपरेशन्स १७,१२० वरून ८,६७७ वर आली. रोग काही निम्मा झाला नव्हता. माणसं घरी अडकली होती.

अशा वेळी कामाला आला तो घरातला मोबाइल. त्याच २५ मार्चला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली. नोंदणीकृत डॉक्टरांनी फोनवर, व्हिडिओवर किंवा लेखी निरोपावरून सल्ला देण्याला, औषधाची चिठ्ठी मोबाइलवर पाठवण्याला रीतसर मान्यता मिळाली. एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही सरकारी मोफत सेवा सुरू झाली. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने उपचार चालू ठेवले आणि दूरच्या पेशंटांना फोनवरूनही सल्ला दिला.

फोनवर काय होतं आणि काय होत नाही, हे आपल्याला नीट माहीत हवं. स्तनाच्या कॅन्सरनंतर पुष्कळ जणींना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षं रोज घ्यावी लागते. तिची विचारपूस फोनवर होऊ शकते. केमोथेरपीआधीची रक्ततपासणी गावातल्या लॅबमध्ये करून रिपोर्ट पाठवला, की पुढचा डोस द्यायचा की थांबायचं हे डॉक्टर ठरवू शकतात. पेशी कमी असतील तर एक फुकटची खेप वाचते. पण सलाइनमधून द्यायची केमो, शेक आणि ऑपरेशन यांना दवाखानाच हवा. गाठ हाताने तपासावी लागते. आणि वेदनेसाठी मॉर्फिन लागत असेल, तर त्याची चिठ्ठी या नियमावलीप्रमाणे फोनवर मिळत नाही. औषध संपण्याआधीच त्याची सोय करावी.

आता खरी अडचण! पुष्कळ घरांत फोन ‘ह्यां’च्याकडे, नाहीतर मुलाकडे. डॉक्टरांनी विचारलं, की मुलगाच सांगून मोकळा, “आईला बरं आहे.” अंगावरून जातं, ऑपरेशनच्या जागी पाणी येतं, हे बाई मुलासमोर कसं बोलणार? आमच्या आळीतल्या एका काकूंचं असंच चाललं होतं. शेवटी सुनेने फोन हातात घेतला, स्वयंपाकघराचं दार लावलं, तेव्हा कुठे काकू बोलल्या. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात महिनाभर सुजलेला होता! डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले आणि तपासायला बोलावून घेतलं. तेव्हा दहा मिनिटं दार लावून बोलू द्या, हे घरात स्पष्ट सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

थोडी तयारीही लागते. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलीत लावावेत. रिपोर्ट सपाट जागी ठेवून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढावा. विचारायचे प्रश्न, चालू गोळ्यांची नावं आणि वजन एका वहीत लिहून ठेवावं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहावं.

आणि घरात थर्मामीटर हवाच. केमो चालू असताना ताप १००.४ पर्यंत किंवा वर गेला, तर व्हिडिओच्या नंबराची वाट पाहत बसू नये. न विचारता तापाची गोळीही घेऊ नये, कारण तिने ताप झाकला जातो. रात्र असो की साथ असो, सरळ दवाखाना गाठावा.

साथ ओसरली, तरी फोनवरचा सल्ला राहिला आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईचा त्याने प्रवासखर्च वाचतो, घरातल्या माणसाची रजा वाचते. मात्र डॉक्टरांशी बोलणारा आवाज तिचा स्वतःचाच हवा!